रामबाणाच्या शोधात

हमखास गुण देणाऱ्या औषधाला आपल्याकडे रामबाण म्हणतात. शब्द इतका रुळला आहे, की त्यातला बाण आता कुणाच्या लक्षातही येत नाही. पण रामाच्या बाणाचे गुण दोन होते. एक म्हणजे तो लागला की काम फत्ते व्हायचे. दुसरा असा, की तो ज्याच्यावर सोडला त्यालाच लागायचा. शेजारी उभे असलेले वानर घायाळ होत नसत. आपल्या औषधांत पहिला गुण अधूनमधून सापडतो, दुसरा मात्र फारच क्वचित. डोके दुखते म्हणून घेतलेली गोळी पोटात विरघळते, रक्तात मिसळते आणि पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत सगळीकडे हिंडून येते. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते आणि त्या रक्ताला डोक्याचा पत्ता ठाऊक नसतो.

साध्या डोकेदुखीत हे चालून जाते. औषध जहाल असले, की चालत नाही. माझ्या मावशीला छातीतल्या गाठीसाठी केमोथेरपीची इंजेक्शने सुरू होती. गाठ छातीत असताना डोक्यावरचे केस का जावेत, असे तिने मला एकदा विचारले होते. उत्तर तसे अवघड नाही. ही औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. गाठीतल्या पेशी झपाट्याने वाढतात, पण केसांच्या मुळाशी, तोंडात आणि आतड्याच्या अस्तरात असलेल्या पेशीही तशाच वाढतात. औषधाला आपला कोण आणि परका कोण, हे कळत नाही.

गंमत अशी, की केमोथेरपी हा शब्द ज्याने घडवला त्याच्या मनातला अर्थ याच्या अगदी उलट होता. त्याला हवे होते असे रसायन, जे रोगाच्या मुळालाच जाऊन भिडेल आणि बाकीच्या शरीराला धक्काही लावणार नाही. आज जगभरच्या प्रयोगशाळांत पॉलिमरच्या अतिसूक्ष्म कुप्या तयार करून त्यांतून औषध नेमक्या जागी पाठवण्याची खटपट चालू आहे. ती करणारे शास्त्रज्ञ आपल्या विद्येचे गोत्र सांगताना याच माणसाचे नाव घेतात. त्याचे नाव पॉल एर्लिख.

एर्लिखचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी सायलेशिया प्रांतातल्या श्ट्रेलेन या लहानशा गावी झाला. तेव्हा हा मुलूख प्रशियात होता, आता तो पोलंडमध्ये आहे. घराणे ज्यू. वडील मद्य गाळण्याचा आणि उतारूंसाठी खानावळ चालवण्याचा धंदा करीत. शिवाय सरकारी लॉटरीचे कामही त्यांच्याकडे होते. शाळेत पोराची गती गणितात आणि लॅटिनमध्ये होती, निबंध मात्र त्याचा वैरी होता. चरित्रकार सांगतात, की जीवन हे एक स्वप्न आहे अशा धर्तीच्या विषयावर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा या पठ्ठ्याने जीवन म्हणजे प्राणवायूशी होणारे एक ज्वलन आहे, असे मांडून मास्तरांची खप्पामर्जी ओढवून घेतली होती.

आईच्या नात्यातला कार्ल वायगेर्ट हा त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्याने जंतूंना कृत्रिम रंगांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची वाट दाखवली होती. ते दिवस रंगांचे होते. दगडी कोळशाच्या डांबरापासून जर्मन कारखाने रोज नवे रंग काढीत होते. याच कारखान्यांतून १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि आपल्याकडची निळीची शेती बसली. पण एर्लिखला या रंगांत कापडाचा व्यापार दिसला नाही. त्याला त्यात एक कोडे दिसले. स्ट्रासबुर्गला वैद्यकाचे शिक्षण घेत असताना त्याचे टेबल सगळ्या रंगांच्या डागांनी भरून गेलेले असे आणि प्राध्यापक वाल्डेयर कौतुकाने तिकडे दुर्लक्ष करीत.

हे कोडे आपल्या स्वयंपाकघरातही आहे. हळद सुती पदराला लागली, की दहा वेळा धुतली तरी निघत नाही. तीच हळद स्टीलच्या ताटावरून एका हिसळीत जाते. हळद तीच, मग एका वस्तूला ती धरून का बसते आणि दुसरीला का नाही? एर्लिखने शरीराचे पातळ काप घेऊन त्यांवर रंग टाकले तेव्हा हेच दिसले. एक रंग एका जातीच्या पेशीला धरतो आणि शेजारच्या पेशीला शिवतसुद्धा नाही. यावर त्याने १८७८ मध्ये लाइपझिग विद्यापीठाला प्रबंध सादर केला. तेव्हा त्याचे वय २४ होते. पुढे आयुष्यभर तो एकाच विचाराचा पाठपुरावा करीत राहिला. रंग जर नेमकी पेशी शोधून काढू शकतो, तर औषधाला ते का जमू नये?

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात नोकरी लागल्यावर त्याने रक्ताकडे मोर्चा वळवला. तोवर पांढऱ्या पेशींच्या जाती नीट वेगळ्या ओळखता येत नसत. कोणती पेशी कोणता रंग उचलते, यावरून एर्लिखने त्यांच्या जाती लावल्या. रक्ताच्या रिपोर्टात आपण ईओसिनोफिलचा आकडा वाचतो आणि खोकल्याचे कारण त्यात शोधतो. इओसिन नावाचा लाल रंग आवडीने घेणारी पेशी म्हणून ते नाव त्यानेच १८७९ मध्ये दिले.

२४ मार्च १८८२ च्या संध्याकाळी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा एर्लिख श्रोत्यांत बसला होता. कॉखची रंगवण्याची रीत वेळखाऊ होती. एर्लिख घरी गेला आणि त्याच रात्री कामाला लागला. असे सांगतात, की त्याने रंगवलेल्या काचा वाळायला थंड शेगडीवर ठेवल्या होत्या, सकाळी मोलकरणीने नकळत शेगडी पेटवली आणि उष्णतेने जंतू असे झकास रंगले की पुढचे काम सोपे झाले. शेगडीची कथा खरी असो वा सजवलेली, त्याने शोधलेली गोष्ट मात्र पक्की होती. क्षयाचा जंतू एकदा रंगला, की आम्लाने धुतला तरी रंग सोडत नाही. झील आणि नेल्सन या दोघांनी ही रीत सुधारली. आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यात बेडका तपासतात त्या काचेवर आजही तीच युक्ती वापरतात.

या शोधाची किंमत त्याला लवकरच कळली. १८८८ च्या सुमारास स्वतःच्या बेडक्यात, स्वतःच्याच पद्धतीने, त्याला क्षयाचे जंतू दिसले. पाच वर्षांपूर्वी हेडविगशी लग्न झालेले, पदरात दोन लहान मुली. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. कोरड्या हवेसाठी नवराबायको इजिप्तला गेले. तिथून १८८९ मध्ये तो बरा होऊन परतला, पण शारिटेमध्ये त्याची जागा उरली नव्हती. बर्लिनच्या श्टेग्लिट्झ भागात एक छोटी खासगी प्रयोगशाळा थाटून तो काम करीत राहिला.

तिथून त्याला कॉखने आपल्या संस्थेत बोलावून घेतले आणि १८९१ मध्ये रंगाचे औषध होण्याचा क्षण आला. मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाने मलेरियाचा जंतू सुरेख रंगतो, हे ठाऊक होते. जंतूला धरणारा रंग त्याला मारीलही, या तर्काने एर्लिखने पॉल गुटमान या डॉक्टराबरोबर दोन मलेरियाच्या रुग्णांना हा रंग दिला. त्यांचा ताप उतरला. मेथिलीन ब्लू घेतल्यावर लघवी निळसर होते, तेवढा त्रास सोडला तर उपाय लागू पडला. कोयनेलच्या तुलनेत हे औषध डावे होते, म्हणून ते तेव्हा मागे पडले. पण कारखान्यात तयार झालेले एक कृत्रिम रसायन माणसाच्या अंगातल्या रोगजंतूला शोधून भिडले होते, हे नवल झालेच.

मधल्या काळात घटसर्पाने त्याला ओढून नेले. लहान मुलांचा गळा आतून आवळून टाकणारा हा रोग त्या वेळी घराघरांत धास्तीचा विषय होता. एमिल बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी १८९० मध्ये दाखवून दिले होते, की जनावराला रोगाचे विष थोडे थोडे टोचले तर त्याच्या रक्तात प्रतिविष तयार होते. अडचण एकच होती. या रक्तरसाचा जोर दर वेळी वेगळा भरे, त्यामुळे डोस किती द्यायचा हे कुणालाच सांगता येईना. ते माप एर्लिखने बसवले. घोड्याला विष कसे वाढवत न्यावे आणि रक्तरसाचे एकक कसे ठरवावे, हे त्याने घालून दिले. १८९४ मध्ये होएक्स्ट कंपनीने हे औषध बाजारात आणले. बेरिंग त्यावर श्रीमंत झाला आणि १९०१ मध्ये वैद्यकाचे पहिले नोबेलही त्याला मिळाले. स्वतंत्र संस्था मिळेल या आशेवर एर्लिखने नफ्यातला आपला वाटा सोडून दिला होता. दोघे एकमेकांहून एका दिवसाने लहानमोठे, एकेकाळचे सहकारी. पण त्यांच्यात जे बिनसले ते पुरते सांधले गेले नाही.

एर्लिखला या सगळ्यातून पैशाऐवजी एक कल्पना मिळाली. १८९७ मध्ये त्याने मांडले, की पेशीच्या अंगावर निरनिराळ्या आकारांचे आकडे असतात. विषाचा रेणू ज्या आकड्यात बसतो तिथेच अडकतो. मग पेशी तसले आकडे भरमसाट तयार करते आणि जास्तीचे रक्तात सोडून देते. हे सुटे आकडे म्हणजेच प्रतिविष. ते सबंध शरीरात फिरतात, पण धरतात ते फक्त आपल्या मापाच्या विषाला. शरीर स्वतःच रामबाण घडवते, असा याचा अर्थ झाला. तपशील पुढे बदलले, पण ग्राही हा आजच्या औषधशास्त्रातला पायाचा शब्द याच विचारातून वाढला.

त्याच वेळी पॅरिसमध्ये इल्या मेचनिकॉफ हा रशियन शास्त्रज्ञ वेगळेच सांगत होता. त्याच्या मते शरीराचे खरे रक्षण करतात त्या भक्षक पेशी. परका कण दिसला रे दिसला की त्या त्याला गिळून टाकतात. दोन्ही गटांत वर्षानुवर्षे वाद रंगला. १९०८ मध्ये नोबेल समितीने दोघांना मिळून पारितोषिक दिले. दोघेही बरोबर होते, हे नंतर सिद्ध झाले. या भक्षक पेशींची वाचकांनी आठवण ठेवावी. आपल्या कहाणीत त्या पुन्हा येणार आहेत.

१८९९ पासून एर्लिखचा मुक्काम फ्रँकफुर्टला होता. सरकारने त्याला तिथे संस्था दिली आणि गेओर्ग श्पेयर या बँकमालकाच्या विधवेने, फ्रान्झिस्काने, नवऱ्याच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून १९०६ मध्ये शेजारीच रासायनिक उपचारांसाठी दुसरी संस्था उभी राहिली. एर्लिख माणूस म्हणून मोठा मजेदार होता. दिवसाकाठी वीस-पंचवीस कडक सिगार ओढी, जेवणाची शुद्ध नसे. खोलीतल्या कोचावर, खुर्च्यांवर कागदांचे ढीग असत, त्यामुळे पाहुण्याला बसायला जागा शोधावी लागे. गुप्तहेरांच्या कथा त्याला फार प्रिय. विसरू नये म्हणून तो स्वतःलाच पोस्टकार्डे लिहून टाकी. हाताखालच्या लोकांना दिवसाचे काम रंगीत चिठ्ठ्यांवर लिहून देई आणि ते तसेच्या तसे झाले नाही तर रागावे. संशोधनाला धीर, कसब, पैसा आणि नशीब लागते, असे तो म्हणे. जर्मन भाषेत हे चारही शब्द ग या एकाच अक्षराने सुरू होतात.

या काळात त्याने आपल्या ध्यासाला नाव दिले. जर्मन लोककथांत कधीही नेम न चुकणाऱ्या मंतरलेल्या गोळीची गोष्ट आहे. तशी गोळी त्याला रसायनातून घडवायची होती. मराठीत बंदुकीची ती गोळी आणि औषधाची तीही गोळीच, त्यामुळे आपल्याला ही कल्पना अधिक सहज कळावी.

गोळीसाठी त्याने निवडलेला माल मात्र भयंकर होता, तो म्हणजे सोमल. आफ्रिकेतल्या निद्रारोगावर अॅटॉक्सिल नावाचे सोमलाचे औषध वापरात होते. ते जंतू मारी, पण काही रुग्णांची दृष्टीही घेऊन जाई. एर्लिखने आणि अल्फ्रेड बर्टहाइम या त्याच्या रसायनज्ञाने १९०७ मध्ये अॅटॉक्सिलची खरी रचना शोधून काढली. रचना कळल्यावर त्यात फेरफार करणे शक्य झाले. सोमलाचा जंतूला मारणारा दात ठेवायचा आणि रुग्णाला चावणारा दात काढून टाकायचा, अशी ही खटपट होती. एकामागून एक शेकडो संयुगे तयार झाली. प्रत्येकाला क्रमांक मिळाला आणि प्रत्येकासाठी दोन आकडे मांडले गेले: किती मात्रेत रोग हटतो आणि किती मात्रेपर्यंत शरीर ते सोसते. या दोन आकड्यांत जितके अंतर जास्त, तितके औषध चांगले. औषधाचे मोल असे मोजण्याची शिस्त त्याने घालून दिली.

क्रमांक ६०६ चे संयुग आधीच्या तपासणीत निरुपयोगी ठरून फडताळात पडले होते. १९०९ मध्ये साहाचिरो हाता हा जपानी संशोधक फ्रँकफुर्टला आला. उपदंशाची म्हणजे गरमीची लागण सशांना कशी करायची, हे त्याला साधले होते. या रोगाचा मळसूत्री जंतू १९०५ मध्येच सापडला होता. हाताने जुनी संयुगे नव्याने चिकाटीने तपासली आणि ६०६ ने सशांच्या जखमा भरून आल्या.

एप्रिल १९१० मध्ये वीसबाडेनच्या वैद्यक परिषदेत हे जाहीर झाले आणि जगात खळबळ उडाली. उपदंश हा तेव्हा राजापासून रंकापर्यंत कुणालाही न सोडणारा, वर्षानुवर्षे कुरतडून शेवटी वेड किंवा लुळेपणा आणणारा, आईकडून पोटातल्या बाळाला जाणारा रोग होता. त्यावर पाऱ्याचा उपाय शतकानुशतके चालत आलेला. सुमारे ६५ हजार मात्रा डॉक्टरांना फुकट वाटून त्यांचे अनुभव गोळा केल्यावरच ६०६ हे साल्व्हरसान या नावाने विक्रीला आले.

इथून पुढची चार वर्षे एर्लिखच्या आयुष्यातली सर्वांत कठीण. औषध गुणकारी होते, पण ते शरीरात पोहोचवायचे कसे, हा प्रश्न सुटला नव्हता. ती पिवळी पूड हवा लागली की बिघडे, म्हणून काचेच्या कुपीत हवा काढून बंद करावी लागे. कुपी फोडल्यावर डॉक्टरने ती स्वतः पाण्यात विरघळवायची, अल्कली घालून आम्लता मारायची आणि मग टोचायची. स्नायूत टोचले तर असह्य वेदना होत, कधी मांस सडे. शिरेत टोचताना जरा चूक झाली तर हात गमावण्याची वेळ येई. काही रुग्ण दगावले. १९१२ मध्ये त्याने अधिक सहज विरघळणारे ९१४ आणले, तरी टीका थांबेना. एका पत्रकाराने फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात स्त्रियांवर जबरदस्तीने प्रयोग होतात, असा आरोप केला. त्यावर बदनामीचा खटला १९१४ मध्ये चालला. एर्लिखने साक्ष दिली आणि पत्रकाराला शिक्षा झाली. पण तोवर एर्लिख आतून थकला होता. त्याच ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि बर्टहाइम अपघातात गेला. २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग इथे एर्लिखनेही डोळे मिटले. वय ६१.

मला त्याच्या आयुष्यात सर्वांत बोलका वाटतो तो हा शेवटचा टप्पा. औषध शोधणे ही अर्धीच वाट असते, हे त्याला भोगून कळले. उरलेली अर्धी चालायला विज्ञानाला पुढे निम्मे शतक लागले. १९६० च्या दशकात केंब्रिजजवळ अॅलेक बँगहॅमने पाहिले, की पेशीच्या आवरणात असतात तसले स्निग्ध रेणू पाण्यात टाकले, की त्यांच्या आपोआप पोकळ पिशव्या बनतात. झुरिचमध्ये पीटर श्पायझरने एर्लिखच्याच गोळीचा विचार मनात ठेवून औषध वाहणारे अतिसूक्ष्म कण बनवायला घेतले. १९७५ मध्ये माइन्झच्या हेल्मुट रिंग्सडॉर्फने औषध, ते वाहणारा पॉलिमर आणि पत्ता शोधणारा रेणू असे तीन भाग एकत्र बांधण्याचा आराखडा मांडला.

या कुप्या कुणी हाताने बनवत नाही; त्या स्वतःच जुळून येतात. त्यामागची युक्ती साबणाची आहे. पॉलिमर म्हणजे रेणूंची लांब माळ. अशी माळ करायची, की तिच्या एका टोकाला पाणी आवडावे आणि दुसऱ्याला ते नकोसे व्हावे. पाण्यात सोडल्यावर पाणी टाळणारी टोके एकमेकांच्या आश्रयाला आत वळतात आणि पाणी आवडणारी टोके बाहेर राहतात. पावसात माळावरची मेंढरे एकमेकांत डोकी खुपसून पाठी बाहेर करून उभी राहतात ना, तसेच. माळेचे दोन्ही भाग किती लांबीचे, यावर गोळा भरीव होणार की पोकळ, त्याची भिंत किती जाड, हे ठरते. पाण्यात न विरघळणारे औषध भरीव गोळ्याच्या पोटात जाते, विरघळणारे पोकळ कुपीत मावते. पॉलिमरची अशी पोकळ, मजबूत कुपी पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवली. हे सगळे साधारण १०० नॅनोमीटर मापाचे. आपल्या केसाच्या जाडीत अशा आठशे-हजार कुप्या ओळीने बसतील. आम्लता वाढली की भिंत उकलावी, अशीही रचना करता येते, कारण कुपी गिळल्यावर पेशी तिला ज्या कप्प्यात नेते, तिथे आम्लता जास्त असते.

याचा उपयोग रुग्णांपर्यंत आला आहे. कर्करोगावरचे डॉक्सोरुबिसिन हे लालभडक औषध हृदयाला इजा करते. त्याला स्निग्ध रेणूंच्या कुपीत बसवून १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि हृदयावरचा भार घटला. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते एरंडेलापासून केलेल्या द्रावकात देत आणि त्याची काहींना जबर अॅलर्जी येई. दक्षिण कोरियात २००७ मध्ये ते पॉलिमरच्या गोळ्यांत भरून, त्या द्रावकाशिवाय, बाजारात आले. आणि २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडमागोमाग काळी बुरशी आली तेव्हा महाराष्ट्रातल्या किती तरी घरांनी लायपोसोमल अँफोटेरिसिन या इंजेक्शनासाठी गावोगाव फोन फिरवले. साधे अँफोटेरिसिन मूत्रपिंडाला जबर इजा करते, कुपीतले कमी. त्या लांबलचक नावातला लायपोसोमल म्हणजे हीच कुपी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकातच या औषधाच्या भारतीय रूपावर काम केले होते.

मग रामबाण सापडला का? नाही. आणि अडवणारा कोण, तर मेचनिकॉफच्या भक्षक पेशी. यकृतात आणि प्लीहेत त्या टपून बसलेल्या असतात. रक्तातून परकी कुपी आली, की त्या तिला गिळतात. त्यांच्या दृष्टीने कुपी काय आणि जंतू काय. कुपीला पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे पाणीदार पांघरूण घातले तर त्यांची नजर थोडा वेळ चुकवता येते. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग तपासून २०१६ मध्ये हिशेब मांडला. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोहोचलेला भाग मध्यमानाने ०.७ टक्के निघाला, म्हणजे हजारात सात. १९०८ चे नोबेल दोघांत वाटले गेले. त्यातल्या एकाचा बाण आज दुसऱ्याच्या ढालीवर अडतो आहे.

नाझींनी ज्यू म्हणून एर्लिखचे नाव फ्रँकफुर्टच्या रस्त्यावरून काढून टाकले. वृद्ध हेडविगला देश सोडावा लागला. युद्धानंतर नाव परत आले. १९९० च्या दशकात जर्मनीच्या २०० मार्कांच्या नोटेवर त्याचा चेहरा होता. त्याने सुरू केलेल्या रक्तरस तपासणीच्या संस्थेला आता त्याचेच नाव आहे. एप्रिल २०२० मध्ये बायोएनटेकच्या कोविड लशीची माणसांवर चाचणी करायला जर्मनीत परवानगी दिली ती याच संस्थेने. ती लसही स्निग्ध रेणूंच्या, आपोआप जुळून येणाऱ्या कणांत भरलेली होती.

वर्तमानपत्रांतून दर पंधरा दिवसांनी कुठल्या ना कुठल्या रोगावर रामबाण सापडल्याची बातमी येते. अशी बातमी वाचली, की मी एर्लिखचे ते दोन आकडे शोधतो: किती मात्रेत गुण येतो आणि किती मात्रेत अपाय सुरू होतो. बहुतेक बातम्यांत पहिलाही नीट दिलेला नसतो. एर्लिखने ६०६ च्या कुपीवर नाव घालण्यापूर्वी हजारो रुग्णांचे दोन्ही हिशेब मागवले होते आणि तरीही त्याला रात्रीची झोप नव्हती. त्याच्या गोळीचा नेम अजून पुरता साधलेला नाही. पण नेम साधला की नाही हे कसे तपासायचे, ते त्याने शिकवून ठेवले आहे.